खिशात मावलेलं पिस्तूल

नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी किर्लोस्कर मंडळींच्या ‘शारदा’चा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सन यांची बदली झालेली, त्यांना निरोप द्यायला गावातली प्रतिष्ठित मंडळी जमलेली. जॅक्सन आत आले आणि प्रेक्षकांतून अठरा वर्षांचा एक तरुण पुढं झाला. काही क्षणांत गोळ्यांचे आवाज झाले आणि जॅक्सन कोसळले. अनंत लक्ष्मण कान्हेरे हे नाव त्या रात्रीनंतर महाराष्ट्राला कायमचं ठाऊक झालं.

ही हकीकत आपल्याकडे शाळकरी वयापासून ऐकलेली असते. पण त्यातला एक साधा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. कलेक्टरसाहेब येणार म्हणून सजलेल्या नाटकगृहात, भर गर्दीत, भरलेलं पिस्तूल अंगावर घेऊन कुणी येऊन बसतो आणि ते कुणाच्या नजरेला पडत नाही, हे कसं शक्य झालं? त्याआधी पन्नास वर्षं हे इतकं सोपं नव्हतं. तेव्हाचं चांगलं पिस्तूल वीतभर लांब आणि किलोभराहून जड असे. ते अंगरख्याखाली दडवायचं म्हणजे अंगाला धोंडा बांधून फिरण्यासारखंच होतं!

या प्रश्नाचं उत्तर नाशकात नाही. ते सापडतं सातासमुद्रापार, अमेरिकेच्या युटा प्रांतातल्या ऑग्डेन नावाच्या गावी, एका बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात. कान्हेरे यांच्या हातातल्या पिस्तुलाला ज्याचं नाव होतं, तो जॉन मोझेस ब्राउनिंग या दुकानात लहानाचा मोठा झाला.

बापाचं दुकान

जॉनचा जन्म २३ जानेवारी १८५५ चा. वडील जोनाथन ब्राउनिंग हे मॉर्मन पंथाचे आणि पेशानं बंदुका बनवणारे. पंथाच्या लोकांबरोबर स्थलांतर करीत ते १८५२ मध्ये ऑग्डेनला येऊन स्थिरावले. त्या काळी या पंथात बहुपत्नीत्वाची चाल होती. जोनाथन यांना तीन बायका आणि बावीस मुलं. एवढा मोठा बारदाना पोसायचा म्हटल्यावर दुकानात बंदुकांबरोबर शेतीची अवजारं, गिरणीचे सुटे भाग, जे येईल ते दुरुस्त व्हायचं. पोरं त्या ऐरणीच्या आवाजातच वाढली.

जॉन दहा वर्षांचा असताना त्यानं भंगारातून पहिली बंदूक केली. एक मोडकी जुनी नळी, कुऱ्हाडीनं तासलेला लाकडाचा दस्ता, पत्र्याचा तुकडा आणि तार, एवढंच भांडवल. तिला धड चापही नव्हता. धाकटा भाऊ मॅट याला बरोबर घेऊन जॉन माळावर गेला आणि मॅटनं निखाऱ्यानं बत्ती दिली. धक्क्यानं जॉन उताणा पडला, पण रानकोंबड्या मात्र पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या जेवणात त्या पानात आल्यावर वडिलांना सगळा प्रकार कळला. त्यांनी ती बंदूक हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली. रागावले नाहीत, पण दहा वर्षांच्या मुलाकडून यापेक्षा बरं काम व्हायला हवं होतं, असा अभिप्राय दिला म्हणतात. कारागिराच्या घरचं शिक्षण असंच असतं. शाबासकी कमी आणि पुढच्या कामाची अपेक्षा जास्त!

जून १८७९ मध्ये वडील वारले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जॉनचं रेचेल चाइल्ड हिच्याशी लग्न झालं होतं आणि ऑक्टोबरात त्याला एकबारी रायफलचं पहिलं पेटंट मिळालं. भावाभावांनी मिळून छोटा कारखाना काढला. १८८३ मध्ये विंचेस्टर या बड्या कंपनीचे टी. जी. बेनेट ऑग्डेनला स्वतः आले आणि त्यांनी आठ हजार डॉलर मोजून त्या रायफलचे हक्क विकत घेतले. पुढची एकोणीस वर्षं ब्राउनिंग एकामागून एक बंदुका बनवत गेला आणि विंचेस्टर त्या घेत गेली. एकूण चव्वेचाळीस रचना कंपनीनं घेतल्या. त्यातल्या बऱ्याचशा कारखान्यात कधी आल्याच नाहीत. दुसऱ्या कंपनीच्या हाती लागू नयेत, एवढ्यासाठीच त्या विकत घेतलेल्या.

मधली १८८७ ते १८८९ ही दोन वर्षं त्यानं पंथाच्या प्रचारासाठी जॉर्जिया प्रांतात काढली. परतल्यावर एके दिवशी नेमबाजी चालू असताना त्याचं लक्ष गेलं ते नळीपुढच्या गवताकडे. गोळी सुटली की त्या झोतानं गवत वाकत होतं. इतरांनी ते हजारदा पाहिलं असेल. ब्राउनिंगच्या मनात आलं की गवत वाकवणारी ही शक्ती फुकट जाते आहे, तिनंच पुढची गोळी का भरू नये? या एका विचारातून त्याच्या आपोआप चालणाऱ्या बंदुका जन्मल्या आणि काही वर्षांत तो पिस्तुलाकडे वळला.

अंगावर बाळगायचं म्हणजे...

पिस्तूल हे विचित्र हत्यार आहे. रायफल शिकारीला किंवा लढाईला जाताना हातात घ्यायची. पिस्तूल मात्र बहुतेक वेळा वापरायचं नसतंच, ते दिवसभर अंगावर वागवायचं असतं. म्हणून त्याचा खरा कस लागतो तो बसता-उठताना, जिना चढताना, खुर्चीत टेकताना.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत गाजलेलं कोल्टचं ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हर घ्या. लांबी तेरा इंच, वजन सुमारे बाराशे ग्रॅम. घोड्यावर मांड ठोकलेल्या माणसाला ते चाले. ‘वाइल्ड बिल’ हिकॉक तसली दोन रिव्हॉल्व्हरं कमरेला, मुठी पुढं करून खोचायचा. पण त्याला ती लपवायची नव्हती, लोकांना दिसायलाच हवी होती. पेढीवरचा कारकून, वकील, फिरता विक्रेता यांनी काय करायचं? रिव्हॉल्व्हरच्या मधोमध गोळ्यांचं फिरतं चाक असतं, त्याचा फुगवटा कोटाच्या आडूनही दिसतो. मागे वर आलेला घोडा खिशातून काढताना अस्तरात अडकतो. जड वजनानं कोट एका बाजूला ओघळतो आणि दिवस मावळेपर्यंत कमरेला रग लागते.

यावर लोकांनी हरतऱ्हेचे उपाय केले. कुणी नळी कापून आखूड केली, कुणी घोड्याचं टोक कानशीनं घासून टाकलं, कुणी शिंप्याकडून खिशाला आतून चामडं लावून घेतलं. ज्यांना हे नको होतं त्यांच्यासाठी मुठीत मावणारी ‘डेरिंजर’ होती. पण तिच्यात गोळी एक, फार तर दोन. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड नाटकगृहात अध्यक्ष लिंकन यांच्यावर झाडली गेली ती अशाच एकबारी डेरिंजरची गोळी. ब्राउनिंग तेव्हा दहा वर्षांचा होता.

आणि गैरसोयीपेक्षाही मोठी गोष्ट होती ती धोक्याची. वायट अर्प हे नाव इंग्रजी चित्रपट पाहणाऱ्यांना ठाऊक असेल. जानेवारी १८७६ मध्ये हा गडी विचिटा गावी पोलिसात होता. एका गुत्त्याच्या मागच्या खोलीत खुर्चीवर बसला असताना त्याचं रिव्हॉल्व्हर म्यानातून घसरून खाली पडलं, घोडा आपटला आणि गोळी सुटली. ती त्याच्या कोटातून आरपार गेली. नशीब म्हणून कुणी मेलं नाही. जाणती माणसं म्हणूनच चाकातलं एक घर रिकामं ठेवत आणि घोडा त्या रिकाम्या घरावर टेकवत. सहा गोळ्यांचं हत्यार आणि भरायच्या पाच!

थोडक्यात, आकार, अडकणं आणि अपघात असे हे तीन प्रश्न होते. पट्टे-म्यानं करणारे चांभार, शिंपी आणि बंदूकवाले आपापल्या परीनं त्यांना ठिगळं लावत होते. ब्राउनिंगनं ठिगळ लावलं नाही. त्यानं पिस्तुलाचीच नव्यानं मांडणी केली.

चपटं, गुळगुळीत आणि बिनआवाजी खिशात

त्याची कामाची पद्धत मोठी मजेदार होती. नकाशे, आराखडे यांच्या वाटेला तो फारसा जात नसे. यंत्र आधी डोक्यात पूर्ण फिरवून पाहायचं, मग थेट धातूत उतरवायचं. सावत्र भाऊ एड हा त्याचा हातोटीचा कारागीर. जॉन सांगे आणि एड लेथवर तसा भाग काढून देई. बसत नसेल तर पुन्हा कानस.

१८९७ च्या एप्रिलमध्ये त्याच्या चार पिस्तुलांना एकाच दिवशी पेटंटं मिळाली. गोळ्यांचं चाक त्यानं काढून टाकलं. गोळ्या एकावर एक रचून मुठीच्या आत ठेवल्या. मुठीत गोळ्या ठेवण्याची कल्पना त्याच्या आधी बोर्शार्ट नावाच्या एका जर्मन रचनाकारानंही वापरली होती, पण त्याचं पिस्तूल मागच्या बाजूला इतकं बेढब फुगलेलं होतं की खिशाचा प्रश्नच नव्हता. ब्राउनिंगनं नळीवर मागेपुढे सरकणारं एक आवरण बसवलं. गोळी सुटली की तिच्याच धक्क्यानं ते मागं सरकतं, रिकामं टोपण बाहेर फेकतं आणि स्प्रिंगच्या जोरानं पुढं येताना नवी गोळी नळीत ढकलतं. आज जगात कुठंही पिस्तूल पाहा, हे सरकतं आवरण बहुधा दिसेलच. सगळं कसं चपटं, पुस्तकासारखं.

अमेरिकेत त्याचा करार कोल्ट कंपनीशी झाला होता. युरोपात गाठ पडली ती बेल्जियममधल्या लिएज शहराजवळच्या एर्स्ताल इथल्या ‘फाब्रिक नासिओनाल’ या कारखान्याशी. हा योग जुळवला तो कारखान्याच्या हार्ट बर्ग या अमेरिकन प्रतिनिधीनं. पुढे राइट बंधूंच्या विमानाची युरोपात ओळख करून देणारा तो हाच! १९०० चं बेल्जियन ब्राउनिंग सव्वासहा इंचांच्या आसपास आणि सात गोळ्यांचं. त्याचा खप असा झाला की फ्रेंच आणि रशियन भाषांत ‘ब्राउनिंग’ हा शब्द पिस्तुलालाच समानार्थी झाला, आपल्याकडे वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणत तसा.

१९०३ मध्ये कोल्टनं त्याचं ‘पॉकेट हॅमरलेस’ बाजारात आणलं. नावाप्रमाणं त्याला घोडा नाही असं वाटतं. खरं तर घोडा आहे, पण तो आवरणाच्या आत दडवलेला. बाहेरून सगळं गुळगुळीत, कडा गोलसर, अस्तरात अडकायला काही नाही. मुठीच्या मागच्या बाजूला एक दांडी, मूठ आवळल्याशिवाय चाप दबूनही गोळी सुटत नाही. शिवाय अंगठ्यानं फिरवायचा वेगळा खटका. वायट अर्पच्या कोटाला भोक पाडणाऱ्या अपघाताला हे उत्तर होतं. आठ गोळ्या आणि वजन पाऊण किलोच्या आत. १९४५ पर्यंत अशी पाच लाखांहून अधिक पिस्तुलं बनली.

तेवढ्यावर तो थांबला नाही. १९०५ च्या सुमारास एर्स्तालहून आलेलं त्याचं ‘व्हेस्ट पॉकेट’ साडेचार इंचांचं आणि पावणेचारशे ग्रॅमच्या घरातलं. म्हणजे ज्या जाकिटाच्या खिशात गृहस्थ मंडळी घड्याळ ठेवत, त्यात आता पिस्तूल मावू लागलं. मागोमाग १९१० चं आणखी सुबक पिस्तूल आलं. त्यात स्प्रिंग नळीभोवतीच गुंडाळल्यामुळं पुढचा भाग नळीसारखा गोल झाला. बंदूकशास्त्रातल्या जाणकारांना आजही त्याचं कौतुक वाटतं.

खिसा कुणाचा?

इथपर्यंतची गोष्ट ही एका हुशार कारागिराची गोष्ट आहे. पण सोय ही मोठी नि:पक्षपाती चीज असते. रात्री-अपरात्री पैसे घेऊन घरी जाणाऱ्या दुकानदाराच्या खिशात जे अलगद बसतं, ते दुसऱ्या कुणाच्याही खिशात तितकंच अलगद बसतं.

२६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिनच्या रेल्वे स्थानकावर कोरियाच्या आन जुंग-गन यानं जपानचे माजी पंतप्रधान इतो हिरोबुमी यांच्यावर गोळ्या झाडल्या. हाती होतं ते १९०० चं ब्राउनिंग. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत नाशिक घडलं. लंडनहून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली होती. ‘इंडिया हाऊस’मधले आचारी चतुर्भुज अमीन हे एका ट्रंकेच्या चोरतळात ती दडवून त्या वर्षी मुंबईला घेऊन आले. तेरा इंची रिव्हॉल्व्हरं असती तर वीस नग चोरतळात बसवणं कठीणच होतं. चपट्या पिस्तुलांनी ते काम सोपं केलं. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पिस्तुलांच्या त्या पेटीचा धागा धरून सावरकरांवरही खटला उभा राहिला.

कोल्टच्या त्या गुळगुळीत १९०३ पिस्तुलाचीही आपल्याशी गाठ आहे. २७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये चंद्रशेखर आझाद यांनी शेवटपर्यंत लढत दिली ती त्याच जातीच्या पिस्तुलानं. ते आज तिथल्या संग्रहालयात जपून ठेवलेलं आहे.

एकाच्या दृष्टीनं हुतात्मा तो दुसऱ्याच्या दृष्टीनं मारेकरी, हा वाद माणसांचा आहे. पिस्तुलाला तो कळत नाही. मात्र १९१४ साली नियतीनं ब्राउनिंगला जो प्रसंग दाखवला तो विलक्षण आहे. त्या वर्षाच्या आरंभी बेल्जियममध्ये त्याचा थाटात सत्कार झाला. कारखान्यानं दहा लाख ब्राउनिंग पिस्तुलांचा टप्पा गाठला होता आणि राजा आल्बर्ट यांनी त्याला मानाचा किताब दिला. पाचच महिन्यांनी, २८ जूनला सारायेव्होत गाव्हरिलो प्रिन्सिप या पोरसवदा तरुणानं ऑस्ट्रियाच्या युवराजांना आणि त्यांच्या पत्नीला गोळ्या घातल्या. पिस्तूल होतं १९१० चं ब्राउनिंग, त्याच एर्स्तालच्या कारखान्यातलं. त्या गोळ्यांनी महायुद्ध पेटलं आणि ऑगस्टमध्ये जर्मन फौजा ज्या शहरावर पहिल्या झटक्यात तुटून पडल्या ते शहर होतं लिएज! कारखाना जर्मनांच्या हाती गेला आणि तिथलं काम थांबलं. ज्या गावानं पिस्तूल घडवलं, त्याच गावाला त्याची किंमत सर्वांत आधी मोजावी लागली.

अखेरचा प्रवास

या सगळ्याचं ब्राउनिंगला काय वाटलं असेल? तो मुळात अबोल, कामात बुडालेला माणूस. वर्तमानपत्रांतून मतं मांडत फिरणाऱ्यांतला नव्हे. त्याच्या हिशेबी स्वभावाचं एक उदाहरण मात्र आहे. १९०२ मध्ये स्वयंचलित शॉटगनवर त्यानं नगावारी मानधन मागितलं, विंचेस्टरनं नकार दिला आणि त्यानं एकोणीस वर्षांचे संबंध तोडले. मग तो रेमिंग्टन कंपनीच्या दारात गेला. भेटीसाठी थांबला असतानाच अध्यक्ष हार्टली हृदयविकारानं गेल्याची बातमी आली. ब्राउनिंग तडक बोटीनं बेल्जियमला निघाला.

पण अमेरिका महायुद्धात उतरल्यावर सरकारला त्याची मशीनगन, स्वयंचलित रायफल आणि १९११ चं पंचेचाळीस बोअरचं पिस्तूल हवं होतं, तेव्हा हाच माणूस घासाघीस न करता साडेसात लाख डॉलरांच्या ठोक रकमेवर राजी झाला. नगावारी मानधनानं त्याला याच्या कैक पट मिळालं असतं. धाकटा मुलगा व्हॅल त्या वेळी सैन्यात होता आणि बापानं केलेली रायफल घेऊन फ्रान्सच्या आघाडीवर गेला होता. दुसऱ्यांच्या मुलांसाठी केलेलं हत्यार आता आपल्याच मुलाच्या खांद्यावर आलं होतं.

लहानपणी निखारा धरणारा मॅट १९२३ मध्ये गेला. जॉन तरीही बेल्जियमच्या वाऱ्या करीतच राहिला. ही त्याची एकसष्टावी खेप होती असं सांगतात. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी एर्स्तालच्या कारखान्यात, एका नव्या पिस्तुलाच्या कामात असताना त्याच्या छातीत दुखू लागलं. मुलाच्या कचेरीतल्या कोचावर त्याला निजवलं, आणि तिथंच तो संपला. वय एकाहत्तर, नावावर एकशे अठ्ठावीस पेटंटं. अर्धवट राहिलेलं ते पिस्तूल द्यूदोने सेव्ह या बेल्जियन रचनाकारानं पुढे पुरं केलं आणि १९३५ मध्ये ते बाहेर आलं. आपल्या लष्करासाठी इशापूरच्या रायफल कारखान्यात बनलेलं ९ मिलीमीटरचं पिस्तूल हे त्याचंच भावंड.

आपल्याकडे आज पिस्तूल बाळगायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, आणि बहुसंख्य घरांत ते कधी पाहिलेलंही नसतं. ते ठीकच आहे. पण ब्राउनिंगची कहाणी केवळ पिस्तुलाची नाही. एखादी गोष्ट हलकी, सुटसुटीत, खिशात मावणारी केली की ती वापरणाऱ्याचा हातही हलका होतो. पूर्वी हत्यार कमरेला लटकत असे, तेव्हा त्याचं ओझं चालताना पदोपदी जाणवत असे. समोरच्यालाही ते दिसे आणि तो सावध होई. ब्राउनिंगनं ते ओझं काढून टाकलं. त्याच्यासारख्या कसबी माणसाला तो एक सोडवायचा प्रश्न होता आणि तो त्यानं इतका उत्तम सोडवला की पुढच्या शंभर वर्षांत त्यात फारशी सुधारणा कुणाला करता आली नाही.

ऑग्डेनच्या जुन्या रेल्वे स्थानकात त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. तिथं काचेआड ती चपटी, गुळगुळीत पिस्तुलं ओळीनं मांडलेली आहेत. तिकडे अलाहाबादच्या संग्रहालयातही काचेआड एक आहे. दोन्हीकडे लोक क्षणभर थांबून पाहतात. एकीकडे त्यांना कारागीर आठवतो, दुसरीकडे हुतात्मा. वस्तू मात्र एकाच हातानं घडवलेली.